रिगवर पास

१२ जून २०२२ रोजी बाकूची फॉर्म्युला वन शर्यत संपली आणि चौथ्या क्रमांकावर आलेला लुईस हॅमिल्टन गाडीतून उतरला, ते दृश्य मला अजून जसेच्या तसे आठवते. दोन्ही हातांचा आधार घेत त्याने स्वतःला कॉकपिटमधून हळूहळू वर उचलले, आणि पाय जमिनीला लागताच त्याचा हात कमरेवर गेला. सात वेळा जगज्जेता ठरलेला, ३७ वर्षांचा, शरीराची कमालीची काळजी घेणारा हा माणूस ५१ फेऱ्यांनंतर एखाद्या खडकाळ रस्त्यावरून दिवसभर ट्रॅक्टर हाकून आलेल्या शेतकऱ्यासारखा वाकला होता. शर्यत चालू असताना गाडीवरच्या कॅमेऱ्यातून त्याचे हेल्मेट दिसत होते. बाकूच्या दोन किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यावर वेग वाढला की ते शिवणयंत्राच्या सुईसारखे वरखाली होऊ लागे, आणि ब्रेक लागला की क्षणात थांबे.

माझी बावीस वर्षे पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतींत, वाहनांचे सुटे भाग हलवून हलवून मोडण्याच्या कामात गेली. कंपन-चाचणी हा आमचा विभाग. त्यामुळे ते हेल्मेट पाहताना मला चालकाची कीव तर आलीच, पण त्याहून अधिक मन त्या गाडीमागच्या अभियंत्यांकडे गेले. हॅमिल्टनच्या मर्सिडीज संघाच्या, इंग्लंडमधल्या ब्रॅकलीच्या त्या कारखान्याने २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे संघांचे विजेतेपद जिंकले होते आणि त्या काळात १११ शर्यती आपल्या नावावर केल्या होत्या. एवढे जाणकार लोक असताना मर्सिडीजची डब्ल्यू१३ ही गाडी अशी कशी निघाली, हा प्रश्न त्या हंगामात अनेकांनी विचारला, आणि बहुतेकांनी त्याचे उत्तर ‘चुकले’ या एका शब्दात देऊन टाकले. मला ते उत्तर तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

आधी गाडी का उसळत होती ते सांगायला हवे. २०२२ पासून फॉर्म्युला वनच्या नियमांनी गाडीच्या तळाखाली दोन लांब बोगदे आणले. समोरून आलेली हवा या बोगद्यांच्या निमुळत्या भागातून जाताना वेग घेते, वेग वाढला की तिचा दाब कमी होतो, आणि गाडी जमिनीकडे ओढली जाते. महामार्गावर स्कूटरवरून जाताना शेजारून एखादा टँकर वेगाने गेला की आपण त्याच्याकडे खेचले जातो, त्याच जातीचा हा परिणाम आहे, फक्त इथे दुसऱ्या बाजूला टँकरऐवजी जमीन असते. वेग वाढतो तशी ओढ वाढते, ओढ वाढते तशी गाडी खाली बसते, आणि खाली बसते तशी ओढ आणखी वाढते. एका मर्यादेनंतर मात्र तळ आणि डांबर यांच्यातली फट इतकी लहान होते की हवेला वाटच उरत नाही. प्रवाह कोंडतो, ओढ एकदम तुटते, आणि दाबून धरलेल्या स्प्रिंगा गाडीला वर फेकतात. वर गेली की प्रवाह पुन्हा सुरू होतो आणि गाडी पुन्हा खाली. हे चक्र सेकंदात अनेकदा घडते. पाण्यातून उसळ्या मारत जाणाऱ्या पोरपॉइझ या जलचरावरून त्याला पोरपॉइझिंग म्हणतात.

हे कुणाला माहीतच नव्हते असे नाही. १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती ज्या लोटस ७९ मधून विजेता झाला, ती गाडी याच तत्त्वावर धावत होती, आणि त्या पिढीच्या गाड्याही उसळत असत. पुढे १९८३ पासून नियमाने तळ सपाट केला आणि जवळजवळ चाळीस वर्षे हा विषय पुस्तकात राहिला. चाळीस वर्षांत कारखान्यातली माणसे बदलतात. ज्यांनी ती उसळी स्वतःच्या तळहाताखाली अनुभवली होती ते निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर तिची धास्तीही गेली. ती कुठल्याही ड्रॉइंगवर लिहून ठेवता येत नाही. तेव्हा रेड बुल या प्रतिस्पर्धी संघात असलेला रचनाकार एड्रियन न्यूई याने साउदॅम्प्टनच्या विद्यापीठात असताना याच विषयावर प्रबंध लिहिला होता, आणि त्याच्या संघाने २०२२ च्या २२ शर्यतींपैकी १७ जिंकल्या, या दोन गोष्टी मला केवळ योगायोग वाटत नाहीत.

आता त्या गाडीकडे येतो. फेब्रुवारीत बार्सिलोनाच्या सरावात मर्सिडीजने आणलेली गाडी दिसायला चारचौघांसारखी होती. मार्चमध्ये बहारीनच्या सरावात ती दुसऱ्याच अंगाने आली. गाडीच्या दोन्ही कुशींत रेडिएटर सामावणारे जे फुगीर भाग असतात, ज्यांना साइडपॉड म्हणतात, ते जवळजवळ नाहीसे झाले होते. अपघातात बाजूने बसणारा धक्का झेलणारा दांडा तेवढा एका पातळ पंखासारख्या आवरणात बाहेर आला होता आणि आरसे त्याच्यावर बसवले होते. त्याखाली तळाचा मोठा, उघडा पसारा. गाडी देखणी होती यात वादच नाही. मी त्या संध्याकाळी तिची छायाचित्रे मोठी करून करून पाहत होतो. आकडेही देखणे होते. संघाच्या विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडून गाडी तपासण्याच्या खोलीत, आणि संगणकावर या आकाराने भरघोस डाउनफोर्स (हवेमुळे गाडीवर येणारी जमिनीकडची ओढ) दाखवला होता, मात्र गाडी जमिनीला अगदी लगटून धावली तरच.

आणि नेमके इथेच घोडे पेंड खाते. विंड टनेलमध्ये असते ते गाडीचे प्रारूप. नियमाप्रमाणे ते मूळ गाडीच्या ६० टक्क्यांहून मोठे असू शकत नाही आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटरच्या पुढे नेता येत नाही. हे प्रारूप वरून एका भक्कम दांड्याने धरलेले असते आणि त्याखालून रस्त्याच्या जागी एक पट्टा धावतो. प्रारूप किती उंचीवर ठेवायचे ते अभियंता ठरवतो, आणि दांडा त्याला त्या उंचीवर ठेवतो. त्याला उसळू दिले तर प्रारूपही जाईल आणि पट्टाही. म्हणजे जो आजार गाडीला रस्त्यावर होणार होता, तो ज्या खोलीत तिची तपासणी झाली त्या खोलीत होणेच शक्य नव्हते.

इथे मला माझ्या स्वतःच्या एका ब्रॅकेटबद्दल लिहिले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दुचाकीच्या सायलेन्सरला आधार देणारे एक ब्रॅकेट मी तपासले होते. जाड पत्र्याचे, दोन वेल्डचे, तळहाताएवढे. रिगवर, म्हणजे भागांना कंपन देणाऱ्या आमच्या यंत्रावर, त्याने ठरलेली सगळी आवर्तने सहज पार केली. मी अहवालावर सही केली आणि भाग उत्पादनात गेला. सहा महिन्यांनी तेच ब्रॅकेट खराब रस्त्यांच्या भागांतून तुटून परत येऊ लागले, आणि सगळ्यांची भेग एकाच ठिकाणी, वेल्डच्या कडेला. आम्ही पुन्हा रिगवर लावले, पुन्हा पास. पत्रा तपासला, वेल्ड कापून पाहिला, पुरवठादाराला धारेवर धरले, आणि पाणी कुठे मुरते आहे ते तरीही सापडेना. शेवटी आमच्या विभागातले वयस्क फोरमन एका दुपारी रिगजवळ उभे राहून म्हणाले, “साहेब, आपण हे चार इंची जाड प्लेटवर बोल्ट करतोय. गाडीवर ते पाइपावर बसतं. पाइप वाकतो, प्लेट वाकत नाही.”

चूक एवढीच होती. आमचे फिक्स्चर, म्हणजे ब्रॅकेट धरून ठेवणारी ती प्लेट, इतके भक्कम होते की ब्रॅकेटला त्याच्या खऱ्या आयुष्यात जी वळवळ सोसावी लागत होती ती रिगवर कधी पोहोचतच नव्हती. माझ्या अहवालातला एकही आकडा खोटा नव्हता, त्यातला प्रत्येक आकडा आजही मोजला तर तेवढाच येईल. तो ज्या परिस्थितीत खरा होता ती परिस्थिती रस्त्यावर अस्तित्वात नव्हती, इतकेच. हे समजायला आम्हाला चार महिने लागले, कारण खोटा आकडा माणूस लवकर टाकून देतो, पण खऱ्या आकड्यावरचा विश्वास सुटता सुटत नाही. ब्रॅकलीत २०२२ मध्ये जे झाले ते मला असेच वाटते. टनेल खोटे बोलत नव्हते. त्या उंचीवर ती गाडी खरोखरच वेगवान असणार होती. फक्त ती उंची गाडीला रस्त्यावर राखता येत नव्हती.

गाडी उचलून चालवली की उसळी कमी होई, पण डाउनफोर्सही जाई आणि फेरीमागचा वेळ वाढे. खाली आणली की वेगाची आशा परत येई आणि तिच्याबरोबर उसळीही. पूर्वीच्या गाड्यांत हा धक्का शोषायला काही साधने होती. जाड बाजूंचे टायर स्वतःच थोडी उशी देत, आणि सस्पेन्शनमध्ये इनर्टरसारखी उपकरणे असत. २०२२ च्या नियमांनी चाके १८ इंचांची केली, त्यामुळे टायरची रबरी बाजू आखूड झाली, आणि सस्पेन्शनमधली ती उपकरणेही काढून घेतली. उरले ते स्प्रिंग आणि डॅम्पर, तेही दगडासारखे कडक ठेवावे लागणारे. आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा; उत्तेजना वाढवून शोषण कमी केले तर काय होईल हे सांगायला त्याला कागद-पेन्सिल लागणार नाही.

पण या हंगामाची खरी कथा मला तंत्रापेक्षा हिशेबात दिसते. पूर्वी असा पेच आला असता तर मर्सिडीजने काय केले असते? टनेल दिवसरात्र चालवले असते, चार वेगवेगळे तळ बनवून चारही जाळून पाहिले असते, आणि गरज पडली तर निम्म्या हंगामात नवी गाडी उभी केली असती. २०२२ मध्ये यातले काहीही शक्य नव्हते. संघाच्या वर्षभराच्या खर्चाला त्या वर्षी १४ कोटी डॉलरची मूळ मर्यादा होती. चालकांचे मानधन, इंजिन आणि प्रसिद्धी यांसारखे काही खर्च तिच्याबाहेर असले तरी गाडीची रचना, निर्मिती आणि सुधारणा तिच्या आतच बसवायच्या होत्या. शिवाय हंगामापूर्वीचा सराव सहा दिवसांचा, आणि त्यानंतर मनाला येईल तेव्हा गाडी ट्रॅकवर काढून पाहण्याची सोय नाही.

त्याहून जाचक नियम टनेलचा होता. दर सुमारे दोन महिन्यांच्या काळात टनेलमध्ये ३२० फेऱ्या, म्हणजे प्रारूपावर वारा सोडून केलेल्या चाचण्या, हे मूळ प्रमाण. आदल्या वर्षी जो संघ पहिला आला त्याला त्याच्या ७० टक्के, दुसऱ्याला ७५ टक्के, असे चढत जाऊन दहाव्याला ११५ टक्के. मर्सिडीज २०२१ ची विजेती, म्हणून तिच्या वाट्याला २२४ फेऱ्या आल्या, तर शेवटच्या संघाला ३६८. या नियमामागचा विचार मला मान्य आहे. बलवानाला थोडे बांधून ठेवल्याशिवाय दुबळ्याला वर येता येत नाही, आणि या नियमांनंतर शर्यतीत रंगत वाढलेली मी पाहिली आहे. पण आठ वर्षे जिंकलेला संघ आजारी पडला तेव्हा तपासण्या करायची परवानगी त्यालाच सर्वांत कमी होती, हेही तितकेच खरे, आणि त्याची झळ पहिल्या सहा महिन्यांत पुरती लागली.

फेऱ्या मोजून मिळत असतील तर प्रत्येक फेरी कुठल्या प्रश्नावर खर्च करायची हे आधी ठरवावे लागते. दुखणे शोधायला खर्च करायची की त्यावर एक तात्पुरता इलाज करून पुढच्या शर्यतीत चार गुण मिळवायला? आमच्याकडे रिगचे तास विभागून मिळत, त्यामुळे ही घालमेल मी चांगली ओळखतो. ‘हे का होते आहे’ या प्रश्नाला तास मागितले तर वरिष्ठ विचारतात की त्यातून नवा भाग काय मिळणार, आणि प्रामाणिक उत्तर ‘कदाचित काहीच नाही’ असे असते. डब्ल्यू१३ च्या बाबतीत या शोधाचा बराच भाग शर्यतींच्या आठवड्यांतच उरकावा लागला. हॅमिल्टनने हंगामाच्या पूर्वार्धात सरावसत्रांत नवनवे प्रयोग आपल्या गाडीवर घेतले आणि त्याची किंमत पात्रता फेरीत, म्हणजे शर्यत कोण कुठल्या क्रमांकावरून सुरू करणार ते ठरवणाऱ्या फेरीत, मोजली. जेद्दाहमध्ये तो पहिल्याच टप्प्यात बाद झाला. इमोलामध्ये तो तेरावा आला, तेव्हा संघप्रमुख टोटो वोल्फ याने रेडिओवरून त्याची माफी मागितली. ही गाडी चालवण्याजोगी नाही, असे वोल्फने स्वतःच मान्य केले. त्याच शर्यतीत तशाच गाडीतून हॅमिल्टनचा संघसहकारी जॉर्ज रसेल चौथा आला होता.

बाकूनंतर या खेळाचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाने हस्तक्षेप केला. कॅनडाच्या शर्यतीपूर्वी तांत्रिक निर्देश निघाला आणि ऑगस्टमधल्या बेल्जियमच्या शर्यतीपासून गाडीच्या उभ्या हेलकाव्यांना मोजून मर्यादा घातली गेली. प्रतिस्पर्ध्यांचे म्हणणे असे की गाडी थोडी वर उचला, प्रश्न मिटला. ज्यांची रचना चुकली त्यांच्यासाठी सगळ्यांचा नियम का बदलायचा? शर्यतीच्या न्यायाने या म्हणण्यात चूक काढता येत नाही. तरीही मी महासंघाच्या बाजूने आहे. कंपनाचा मणक्यावर काय परिणाम होतो हे ट्रॅक्टर, डंपर आणि रोड रोलर चालवणाऱ्यांच्या बाबतीत फार पूर्वी मोजले गेले आहे आणि त्यासाठी मर्यादा ठरलेल्या आहेत. वेगासाठी पाठ देण्याचा निर्णय चालकावर सोपवला तर तो ती देणारच, म्हणून तो त्याच्या हातात असू नये.

उन्हाळ्यात चित्र जरा पालटले. फ्रान्समध्ये दुसरा आणि तिसरा क्रमांक, हंगेरीत रसेलची पहिली पोल (पात्रता फेरीतला पहिला क्रमांक) आणि शर्यतीत पुन्हा दुसरा-तिसरा. मग बेल्जियममध्ये पात्रता फेरीत हॅमिल्टन रेड बुलच्या व्हर्स्टॅपेनपेक्षा १.८ सेकंदांहून अधिक मागे पडला. फॉर्म्युला वनमध्ये हे अंतर म्हणजे दोन वेगळ्या वर्गांतल्या गाड्यांचे अंतर. आणि लगेच पुढच्या आठवड्यात झांडफोर्टला रसेल दुसरा! ज्याला कारण सापडलेले असते त्याची गाडी अशी वागत नाही.

१३ नोव्हेंबरला साओ पावलोमध्ये रसेल पहिला आणि हॅमिल्टन दुसरा आला. त्या रात्री मी फार आनंदात होतो. आज मागे वळून पाहताना मात्र वाटते की त्या संघाच्या दृष्टीने तो विजय महागात पडला. हंगामात ५१५ गुणांसह तिसरे स्थान आणि शेवटी शेवटी एक निर्विवाद विजय, एवढे पदरात असताना हाती घेतलेली कल्पना मुळापासून टाकून द्या असे कोण म्हणणार? आमचे ब्रॅकेटही मधल्या काळात, वेल्डची लांबी वाढवल्यावर, दोन महिने तुटायचे थांबले होते. आम्ही सुटकेचा श्वास सोडला होता आणि पाइपाकडे पाहायचे राहूनच गेले होते.

२०२३ ची डब्ल्यू१४ त्याच घराण्यातली निघाली. साइडपॉड थोडे भरले, पण बीज तेच. त्या वर्षी नियमाने तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर घेतल्या आणि उसळी आटोक्यात आली, पण वेग आला नाही. मार्चमध्ये बहारीनच्या पहिल्याच पात्रता फेरीनंतर वोल्फने जाहीरपणे सांगितले की हा आराखडा आम्हाला जिंकून देईल असे वाटत नाही. एप्रिलमध्ये जेम्स अॅलिसन तांत्रिक संचालकाच्या खुर्चीत परतला. इमोलाची शर्यत पुरामुळे रद्द झाली, त्यामुळे तिच्यासाठी बनवलेले नवे, रुंद साइडपॉड मोनॅकोत दिसले आणि ती बिनकुशीची गाडी इतिहासजमा झाली. इतिहासजमा तरी पूर्ण कुठे झाली? आतला सांगाडा तोच होता, कारण खर्चमर्यादेत तो हंगामाच्या मध्यावर बदलणे परवडण्याजोगे नव्हते. आपण पुढच्या चाकांच्या फार जवळ बसतो, त्यामुळे गाडीचा मागचा भाग निसटायला लागला की कळायला उशीर होतो, अशी हॅमिल्टनची तक्रार होती. बसायची ती जागा २०२४ च्या गाडीत मागे सरकली. २०२१ मध्ये कुठल्यातरी बैठकीत ठरलेली एक लांबी बदलायला २०२४ उजाडावे लागले. २०२३ मध्ये संघाने एकही शर्यत जिंकली नाही.

७ जुलै २०२४ रोजी सिल्व्हरस्टोनला पावसाच्या सरी झेलत हॅमिल्टन जिंकला. आधीच्या विजयाला ९४५ दिवस झाले होते. तोवर तो पुढच्या वर्षी फेरारीत जाणार हे जाहीर होऊन पाच महिने उलटले होते. गाडीतून उतरल्यावर तो वडिलांच्या गळ्यात पडून रडला, आणि मला त्या क्षणी बाकूतला कमरेवरचा हात आठवला.

त्या बोगद्यांच्या चार हंगामांत मर्सिडीजने एकूण सात शर्यती जिंकल्या. २०२६ च्या नियमांत ते बोगदे राहिले नाहीत, तळ पुन्हा बराचसा सपाट झाला आहे, आणि डब्ल्यू१३ कशी बरी झाली असती हे शोधण्यासाठी कोणताही संघ आपल्या मोजक्या फेऱ्यांपैकी एकही आता खर्च करणार नाही. माझे ब्रॅकेट मी अजून टेबलाच्या खणात ठेवले आहे. भेग वेल्डच्या कडेपासून सुरू होते, आणि पहिले दोन मिलिमीटर ती इतकी बारीक आहे की भिंगाशिवाय दिसत नाही.